न्हावऱ्याच्या वस्तीवर बोरीची काटी

रविवारी दुपारी बोर्डिंगच्या मागच्या पायऱ्यांवर सुशी आणि मी एकमेकींच्या तळपायातले काटे काढत बसायचो. ती माझा पाय मांडीवर घ्यायची, मग मी तिचा. सिस्टरांनी आम्हाला कॅनव्हासचे पांढरे बूट दिले होते, पण मागच्या टेकडीवर बोरं वेचायला बूट घालून गेलं की ते मळायचे आणि आम्ही पकडल्या जायचो. म्हणून अनवाणी. सेफ्टी पिनचं टोक मेणबत्तीच्या तुकड्यावर धरायचं, कातडी जराशी उकरायची, ओठ दाबून बसायचं. काटा निघाला की सुशी तो उन्हात धरून बघायची आणि म्हणायची, "हा हिवराचा." किंवा, "बाभळीचा आहे गं." माझ्या वडिलांच्या सारख्या बदल्या होत, म्हणून मी बोर्डिंगात होते. ती होती दौंड तालुक्यातल्या राहूच्या बागायतदाराची लेक. मला सगळे काटे सारखेच दुखायचे.

ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की नोकरी संपल्यापासून मी काटेरी झुडपांच्या मागे लागले आहे. सागरगोटा झाला, शिकेकाई झाली. शिरूर आणि दौंडच्या माळावरचे काटे अजून राहिले होते, आणि त्यासाठी सुशीकडे जायचं हे वर्षभर नुसतं ठरत होतं. ती लग्न होऊन न्हावऱ्याला गेली त्याला आता कितीतरी वर्षं झाली. गावाबाहेर उसात त्यांची वस्ती आहे. संक्रांतीनंतर तिचा फोन आला.

"काटे बघायचेत ना तुला? मग ये आता. पण उन्हं कलायच्या आत पोच. उशीर झालाच तर शिरूरला लॉजवर राहा, संध्याकाळचं उसातल्या रस्त्यानं येऊ नकोस."

"का गं?"

"मोत्याला नेलं. अंगणातून."

मोत्या म्हणजे तिचा कुत्रा. कोणी नेलं हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या भागात बिबटे उसात राहायला आले आहेत हे पेपरात येतच होतं. मग ती म्हणाली, "रेखाचं बाळ आता कुठं महिन्याचं होतंय, नले." रेखा म्हणजे तिची सून.

भ्यायलेली सुशी मी कधी ऐकली नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी निघाले.

पुण्याहून जाणाऱ्यांसाठी सांगते. शिवाजीनगरहून शिरूरची एसटी सकाळी भरपूर. वाघोलीपर्यंत जीव जातो, पुढे गाडी पळते. कोरेगावला वढू बुद्रुकची मंडळी उतरली, डोक्याला भगवे रुमाल बांधलेली, हातात हारांच्या पुड्या. तुमच्याकडे सबंध सकाळ असेल तर तुम्हीही उतरा, समाधीचं दर्शन घ्या आणि मग पुढची गाडी धरा. मी उतरले नाही. मला सारखं उन्हाकडे बघावंसं वाटत होतं. रांजणगावच्या कारखान्यांच्या भिंती संपल्या की मधूनच माळ दिसू लागतो आणि शिरूर येतं. स्टँडसमोर मिसळ चांगली मिळते, पण जाळ असतो. वरून ताक घ्या.

न्हावऱ्याची एसटी नुकतीच गेली होती, म्हणून जीपमध्ये बसले. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली हे ड्रायव्हरला कधीच पटत नाही. माझ्या मांडीवर कुणाची तरी पालकाची पिशवी होती. समोर दोन मध्यमवयीन शेतकरी, बहुधा मेहुणे-मेहुणे, बोलत होते.

"परवा रातच्याला लाईट आली म्हनून मोटार चालू कराया गेलो, तर बांधावं बसल्यालं. मांजरावानी."

"मग तुमी काय केलं?"

"काय करतोय. राम राम केला आन् मागं फिरलो."

"त्यानं वळखलं आसंल तुमाला. दुसऱ्याचं खानारा म्हनून."

जीप हसली. पालकवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या मला हळूच म्हणाल्या, "हसत्यात बघा. सांच्याला ह्यातला एक बी भाईर निघत न्हाई."

शिरूर सोडल्यावर कॅमेरा काढला. जिथे अजून पाणी पोचलेलं नाही तिथे तो जुना माळ आहे. हिवर पांढुरक्या सालीचा, लांब सरळ काट्यांचा. त्याची साल दारू गाळायला वापरतात हे जीपमधल्या दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही म्हणाले, फक्त ऐकून माहीत आहे. नेपती म्हणजे नुसत्या हिरव्या काड्यांचं बिनपानाचं झुडूप, त्याला विटकरी फुलं. नेपतीच्या कच्च्या फळांचं लोणचं घालतात. हेकळीचा काटा दाभणासारखा, तो मोडून पूर्वी पोरींचे कान टोचत. जमिनीलगत भुईरिंगणी पसरलेली, तिच्या पानांवरसुद्धा काटे. दाढ दुखली की तिच्या पिवळ्या फळांची धुरी घेत असत, असं पालकवाल्या बाईंनी सांगितलं. आणि जिकडेतिकडे वेडी बाभूळ. तिला कुणी लावली नाही, कुणाला ती नको आहे आणि सगळ्यांची चूल तिच्यावर चालते.

बोर मात्र दिसली नाही. संक्रांतीनंतरचा आठवडा, बोरांचा हंगाम, आणि न्हावऱ्याच्या अलीकडे एकही बोर नाही. नंतर माळ संपला आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. जीपपेक्षा उंच. त्यात काही दिसत नव्हतं, आणि मी तिकडे बघायचं बंद केलं.

फाट्यावर सुशीचा मुलगा प्रकाश मोटारसायकल घेऊन उभा होता. गाडीच्या हँडलला घुंगरू बांधले होते. "आवाज असला की ते बाजूला होतं म्हणतात, मावशी," तो म्हणाला. "धरून बसा."

वस्ती म्हणजे पत्र्याचं लांबट घर, पुढे ओसरी, अंगण, गोठा, आणि अंगणाच्या पलीकडच्या टोकाला संडास आणि न्हाणी. तीन बाजूंना जुनी वई होती. वई म्हणजे काट्यांचं कुंपण. सुशीच्या सासऱ्यांच्या वेळेपासून हिवर, बाभूळ, घायपात असं एकात एक वाढलेलं, माणसाच्या डोक्याएवढं. चौथी बाजू उघडी होती. उसाच्या ट्रकला वळायला जागा हवी म्हणून प्रकाशनं दिवाळीत ती बाजू जेसीबीनं काढली आणि तिथं तारेची जाळी लावायचं ठरवलं. सिमेंटचे खांब उभे राहिले. जाळीवाला आज येतो, उद्या येतो. त्या रिकाम्या जागेत प्रकाशनं बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. त्याच्या पलीकडे लगेच ऊस.

मोत्या त्याच बाजूनं गेला होता.

सुशी ओसरीवर उभी होती. केस सगळे पांढरे, पाठ अजून ताठ. तिनं मला जवळ घेतलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "बाथरूमला जायचं असेल तर आत्ता जाऊन ये. नंतर अंधार पडतो."

रेखा बाळाला घेऊन उन्हात बसली होती. मुलगी आहे. अजून नाव ठेवलेलं नाही, घरात सगळे तिला चिमी म्हणतात. रेखाचं माहेर मेंढपाळांचं. तिचे आजोबा मेंढ्या घेऊन कोकणात उतरायचे, वडिलांनी जमीन धरली. शेजारच्या शेतात तिचेच चुलते राहतात, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. ते आमच्या चहाच्या वेळेला बरोबर येतात असं सुशी म्हणाली, आणि चहा टाकल्यावर ते आलेच.

आप्पांनी बाभळीच्या फांद्यांकडे बघून मान हलवली. "बाभळीचा काटा सरळ. जनावर आंग चोरतंय आन् निघतंय आरपार. बोरीचं तसं न्हाई. एक काटा सरळ, एक वाकडा. सरळ टोचतोय, वाकडा धरतोय. मेंढरांच्या वाड्याला आमी बोरीचीच काटी, तोडल्याली काटेरी फांदी, लावायचो. लांडगा आत तोंड घालायचा न्हाई."

"तुमच्या वाड्यातनं लांडग्यानं दोन कोकरं नेली व्हती, आप्पा," रेखा म्हणाली. "आजी सांगायची."

"ती तुज्या आजीनं काटी लावल्याली, त्या दिशी," आप्पा म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

"मग आणा की बोर," मी म्हणाले. "इतकं सोपं असेल तर."

प्रकाशनं मोबाईल काढून बघितला. आप्पांनी बशी तोंडाला लावली. सुशी उठली आणि कपबशा गोळा करत म्हणाली, "बोर नको. ह्या रानात बोर नाही आणायची."

ती आत गेल्यावर रेखा माझ्याजवळ सरकली. "मावशी, तुमचं ऐकतील त्या. मी सांगून दमले. बोराचं रोप नुसतं उगवलं तरी उपटून टाकत्यात. जाळी यायची तवा येईल. माझं लेकरू हितं हाय आन् त्यो तितं." तिनं उसाकडे बोट केलं नाही. हनुवटीनं दाखवलं.

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. वस्तीवर दिवस मावळत नाही, बंद होतो. शेळ्या गोठ्यात कोंडल्या, गोठ्याच्या दाराला बाहेरून ओंडका लावला, प्रकाशनं दोन सुतळी बॉम्ब वाजवले, ओसरीवरचा मोठा दिवा लावला. आणि नेमकी मला संडासला जायची पाळी आली. माझ्या वयाच्या वाचकांना समजेल. सुशी बॅटरी घेऊन पुढे, रेखा हातात पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन मागे, मी मध्ये. रेखा डबा बडवत होती. आत बसल्यावर मला लाज वाटत होती. दाराच्या फटीतून ऊस दिसत होता. वारा नव्हता, तरी एका जागी पाती हलली. रेखाचा डबा मध्येच थांबला.

मग तो आवाज आला. डरकाळी नाही. कुणी तरी ओल्या लाकडात करवत ओढतंय तसा, ओढल्यासारखा आणि सोडल्यासारखा, पुन्हा पुन्हा. गोठ्यात शेळ्या एकदम गप्प झाल्या. शेळ्या अशा गप्प होतात हे मला माहीत नव्हतं.

"नलू, बाहेर ये," सुशी अगदी हळू म्हणाली. ती मला नलू फक्त सिस्टरांसमोर म्हणायची. "पळू नको. चाल."

आम्ही चालत घरात आलो. कशा आलो ते आठवत नाही.

सकाळी प्रकाशनं बाभळीच्या फांद्यांपाशी बोलावलं. मधली फांदी सरकली होती. खालच्या ओल्या मातीत ठसे होते, गोल, नखं नसलेले, माझ्या तळहाताएवढे. ते आत आले होते, अंगणात, न्हाणीपर्यंत. दोरीवर चिमीची दुपटी वाळत घातली होती, त्यातलं एक खाली ओढलेलं होतं आणि उसाच्या कडेला सापडलं.

"कोल्ह्यानं ओढलं असेल," प्रकाश म्हणाला.

"व्हय," रेखा म्हणाली. "कोल्हंच असंल." ती चेष्टा करत नव्हती. तिला तसंच असायला हवं होतं. वनखात्याचा पिंजरा शेजारच्या गावात लावलेला होता, तो मोकळा झाल्यावर मिळणार होता.

सुशी ते दुपटं घेऊन ओसरीवर बसली. मी तिच्या शेजारी बसले. तिनं ते झटकलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"प्रकाशच्या आधी मला एक मुलगी झाली होती," ती म्हणाली. "तुला सांगितलं नव्हतं."

नव्हतं सांगितलं. आम्ही तेव्हा एकमेकींना पत्रं लिहायचो. मध्ये कितीतरी महिने तिचं एकही पत्र नव्हतं, आणि मला वाटलं, संसारात पडली.

"बारशाआधीच गेली. पोट फुगलं आणि गेली. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. मामंजींनी ओढ्याकाठी जागा केली. मला बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येऊ देत नव्हते. दार उघडं होतं. अंगणातून गडी बोरीची काटी ओढत नेताना दिसला मला. भली मोठी. ती ओढली की मातीत रेघा उठतात, माहीत आहे? खूप रेघा, शेजारी शेजारी. मी सासूबाईंना विचारलं, काटी कशाला? त्या म्हणाल्या, वरून घालायला. कोल्हीकुत्री उकरतात."

तिनं दुपट्याची कड सरळ केली.

"अंगण दोन दिवस कोणी झाडलं नाही. दारातून त्या रेघा दिसायच्या."

"मला कळवायचं होतंस, सुशे."

"काय लिहिणार? आपल्याला इंग्रजीत लिहायची सवय. सिस्टरनी शिकवलेली सगळी पत्रं मला येत होती. अभिनंदनाचं, आभाराचं, कुणी वारल्यावर घालायचं. हे कोणत्या पत्रात घालू, कळलं नाही." दुपट्याची घडी पुन्हा झाली. "तेव्हापासून बोर नाही ठेवली ह्या रानात. मामंजी होते तोवर चोरून उपटायची, नंतर उघड."

मी तिचा हात धरला. आमच्या मागे दारात रेखा उभी होती हे आम्हाला दोघींनाही कळलं नव्हतं. चिमी तिच्या खांद्यावर झोपली होती.

"आत्याबाई," रेखा म्हणाली, "मग उकरलं का कुनी?"

मला वाटलं, आता सुशी उठून आत जाईल. इतकं उघडं कुणी विचारत नाही.

"काय?"

"तुमच्या लेकराला. कोल्ह्यानं उकरलं का?"

"नाही." सुशी म्हणाली. "मी सव्वा महिन्यानं बाहेर पडले तेव्हा पहिली तिथं गेले. काटी तशीच होती. माती हलली नव्हती."

"म्हंजी काटीनं राखलं त्येला," रेखा म्हणाली. तिनं चिमीला खांद्यावर सावरलं. "मेल्यालं लेकरू राखलं. मग माझ्या जित्या लेकराला का न्हाई म्हनता?"

सुशीनं तिच्याकडे बघितलं. मग ती उठली, दुपटं रेखाच्या हातात दिलं आणि प्रकाशला हाक मारली. "पिकअप आहे का कोणाची? राहूला जायचंय. माझ्या भावाच्या माळाला बोरी आहेत."

न्हावऱ्याहून राहूला जाणारा रस्ता ज्यांना झाडं बघायची आहेत त्यांनी जरूर धरावा. चौफुल्याच्या दिशेनं निघायचं, पारगावला भीमेचा पूल ओलांडायचा, की दौंड तालुका. पुलावर थांबून थंडीतली नदी बघण्यासारखी असते. आम्ही थांबलो नाही. पुढे प्रकाश आणि सुशी, मागच्या हौद्यात आप्पा, आणि मी प्रकाशच्या शेजारी चेपून. राहूच्या आसपास सगळा हिरवा ऊस आणि कांदा, पण गावाच्या वरच्या अंगाला दगडाळ माळ राहिला आहे आणि त्यावर रानबोरी. पिकलेल्या, लाल, पायाखाली सडा.

सुशीची भावजय कमरेवर हात ठेवून उभी होती. "वन्सं, इतक्या वर्षांत बोरीखाली आला न्हाईत कधी. आज काय उगवलं?"

"तुझी आठवण आली."

"मग मोकळ्या हातानं यायचं व्हतं. कोयता घेऊन कशाला आला?"

बोर तोडायची एक रीत आहे. फांदीला आधी आकडीनं ओढून धरायचं, मग बुडाशी कोयता मारायचा आणि लगेच बाजूला व्हायचं, कारण ती पडताना फिरते. उचलायची हातानं नाही, बेचक्यानं. बेचकं म्हणजे दोन फाट्यांची लांब काठी. आप्पा एकेक फांदी बेचक्यात धरून हौद्यात रचत होते, बुडखे सगळे एका अंगाला. वहिनी आणि मी खाली पडलेली बोरं पदरात गोळा करत होतो. मी सारखी सूर्याकडे बघत होते. सुशी काही करत नव्हती. ती त्या वाढत्या ढिगाकडे बघत लांब उभी होती, पदर तोंडाशी धरून.

मग आम्ही अशी चूक केली जी फक्त काट्यांची गाडी भरणारेच करतात. गाडी तोडीच्या जागेवरूनच मागे घेतली. पारगावच्या पुलाच्या अलीकडे मागचं चाक बसलं. आप्पांनी बघितलं. टायरमध्ये बोरीचाच काटा.

"वाकडाच घुसला आसंल," आप्पा म्हणाले. "लबाड हाय."

स्टेपनी होती, पण जॅक लावायला गाडी अर्धी रिकामी करावी लागली. काट्या उतरवल्या, चाक बदललं, काट्या पुन्हा चढवल्या. उन्हं कलली. रेखा घरात चिमीला घेऊन एकटी होती. तिचा फोन लागत नव्हता. प्रकाश पुन्हा पुन्हा लावत होता आणि पुन्हा पुन्हा तीच बाई सांगत होती की संपर्क होऊ शकत नाही. सुशीनं पर्समधून जपमाळ काढली. आम्ही दोघी हिंदू घरातल्या, पण ती जपमाळ बोर्डिंगातली होती, लाकडी मण्यांची. मीही तिच्याबरोबर मनातल्या मनात जे येईल ते म्हणत होते. कुणाचं नाव घेतलं आठवत नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा सूर्य उसाच्या शेंड्यांवर टेकला होता. ओसरीचं दार आतून बंद. प्रकाशनं हाक मारली आणि आतून कडी वाजली. रेखा ठीक होती. चिमी दूध पीत होती.

आता काटी लावायची होती आणि उजेड थोडा होता. प्रकाश आणि आप्पा पहिली फांदी उचलायला गेले. सुशी मध्ये आली. "ही मी नेते."

"आई, हात फाटतील."

"फाटू देत. बेचकं दे."

तिनं बुडख्यात बेचकं अडकवलं आणि ओढायला लागली. फांदी मोठी होती. अंगणाच्या मातीत रेघा उठत गेल्या, खूप, शेजारी शेजारी. ती एकदा मागे वळली, तिनं त्या बघितल्या, आणि अंगणाच्या मधोमध थांबली. ऊस हाकेच्या अंतरावर होता. आम्ही कोणी पुढे झालो नाही.

रेखा ओसरीवरून उतरली. चिमीला तिनं माझ्याकडे दिलं आणि सुशीच्या शेजारी जाऊन बेचक्याला हात लावला. दोघींनी ओढलं.

"बुडखा आत, शेंडा भाईर," रेखा सांगत होती. "दाबा पायानं. आता दुसरी हिच्यात गुतवायची. आडवी. दगड ठेवा वर."

सगळे मिळून लावत गेले. मी ओसरीवर उबदार, जडशीळ मुलगी घेऊन उभी होते आणि माझी नजर उसावरून हलत नव्हती. शेवटची फांदी लावायची होती तेव्हा पाती हलली. तिथेच, कालच्या जागी. आप्पांनी आरोळी ठोकली, प्रकाशनं डबा बडवला, आणि उसात काही तरी जड वळलं. दिसलं काही नाही. पाती हलत हलत लांब गेली. सुशीनं मान वर केली नाही. तिनं ती फांदी दाबली, दगड ठेवला आणि मग हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाहेरच्या अंगानं बघायला गेलो. ठसे पुन्हा होते. बोरीपाशी येऊन थांबलेले, मग वईच्या कडेकडेनं बांधापर्यंत. आत एकही नव्हता. आप्पा म्हणाले, "बघितलं?" सुशी म्हणाली, "आजचं बघितलं, आप्पा. उद्याचं उद्या." आणि शेळ्या सोडायला गेली.

मी केडगावला येऊन पुण्याची गाडी धरली. दौंडकडून येणारी लोकल सोयीची आहे, फक्त दुपारी गर्दी असते. बरोबर बोरांची पिशवी होती.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि दाराला लोखंडी जाळी आहे, तरी अंधार पडला की मी कडी दोनदा बघते. शेजारच्यांच्या टीव्हीवर करवतीसारखा काही आवाज आला की हातातलं काम थांबतं. सहल छान झाली असं मी म्हणू शकत नाही. पण जायचं असेल तर पौष-माघात जा, जाड तळाचे बूट घाला, लांब बाह्यांचं काही घाला, आणि वस्तीवर मुक्काम असेल तर उजेडात पोचा. पुण्यात परत आल्यावर मी बोर पाहिली की आधी ती कुणाचं काय राखते आहे ते शोधते.

सुशीचा परवा फोन आला होता. ऊस तुटला, जाळीही आली. शेजारच्या गावात एक बिबट्या पिंजऱ्यात सापडला. हाच का, म्हणून मी विचारलं. "कोण सांगणार?" ती म्हणाली. चिमीचं बारसं ठरलंय, आणि जाळीच्या आतून बोरीची काटी तशीच ठेवली आहे. मग ती म्हणाली, पुढच्या हंगामात काट्या कुणाला द्यायच्या ते मी आत्ताच सांगून ठेवते, प्रकाश विसरेल, पण तुझं लिखाण तो वाचतो, तेव्हा तिथंच लिही. म्हणून तिच्याच शब्दांत लिहिते.

प्रकाश, दिवाळी झाली आणि उसतोडीच्या टोळ्या आल्या की मामाच्या माळावरच्या बोरी तोडायच्या. फळ हिरवं असलं तरी थांबायचं नाही. पहिली गाडी टोळीच्या खोपींना. त्यांची लेकरं उसाच्या कडेला झोळीत असतात आणि खोपीला दार नसतं. लावून द्यायच्या, नुसत्या टाकून यायचं नाही. दुसरी गाडी आप्पांच्या शेळ्यांना. ते नको म्हणतील, तरी द्यायच्या. खालच्या वस्तीवरची सून दोन जिवांची आहे, तिच्या दाराशी न मागता नेऊन ठेवायच्या. तिची सासू अशुभ म्हणून हरकत घेईल, तिला म्हणायचं, सुशीलाबाईंनी पाठवल्यात आणि त्या स्वतः येऊन बोलणार आहेत. वाळलेलं सरपण मामीला. बोरकूट नलूला, आणि एक बरणी रेखाच्या आईला.

एक हलकी फांदी बाजूला काढून ठेवायची. ती ओढ्याकाठची आहे. तिकडची जुनी काटी केव्हाच कुजून गेली. ती कुणी न्यायची नाही, रेखानं चिमीला कडेवर घेऊन माझ्याबरोबर यायचं, फांदी मी ओढीन.